लाल दोऱ्याचा कोंबडा

मी कोंबडी बोलतेय.

नाही, थांबा. मी कोंबडा बोलतोय. माफ करा, अजून जीभ वळत नाही. निम्मं आयुष्य सगळे मला 'ती' म्हणायचे आणि एका सकाळपासून अचानक 'तो' म्हणायला लागले. मधल्या काळात मी स्वतःत काहीच बदल केला नव्हता.

माझा जन्म शाळेत झाला. आईच्या पंखाखाली नव्हे, उबवणीच्या पेटीत. डोळे उघडले तेव्हा डोक्यावर एक पिवळा दिवा होता, आणि बरेच दिवस मी त्यालाच आई समजत होतो. संध्याकाळी शिपाईकाका यायचे, "वीज काय फुकट येते का?" असं पुटपुटत खोलीतले बाकीचे दिवे मालवायचे, आईला मात्र हात लावायचे नाहीत. त्यावरून आई कुणीतरी मोठी असामी असावी, एवढं मला कळलं.

शाळेच्या मागच्या बाजूला एकमेकींना पाठ लावून दोन खोल्या आहेत. एकीत शेती मंडळ, दुसरीत गृहकला मंडळ. नववीच्या मुलांनी पहिली सहामाही एकीकडे काढायची आणि दुसऱ्या सहामाहीत पलीकडे जायचं, असा इथला नियम. आमचं खुराडं दोन्हींच्या सामाईक भिंतीच्या टोकाशी, बाहेर, त्यामुळे दोन्हीकडचं दिसायचं. शेती मंडळातली मुलं वाफे खणायची, पालापाचोळा कुजवायची, कलमं बांधायची. गृहकलेतली काजं करायची, इस्त्री करायची, आजाऱ्याचं अंथरूण कसं घालावं ते शिकायची. एकदा तिकडच्या दोघींनी मला उचलून नेलं, माझ्या धडधाकट पायाला बँडेज बांधलं आणि परत आणून ठेवलं. प्रथमोपचार म्हणे! मी दिवसभर लंगडलो. बँडेज आहे म्हणजे पाय मोडलेलाच असणार, नाही का?

त्यांच्या खिडकीत एक कापडी कोंबडी बसायची. चहाच्या किटलीवर घालायला शिवलेली. मला वाटायचं, ती आमच्यापैकीच कुणी वडीलधारी असावी. ती कधी हलली नाही, पण तिच्या पोटाखालून वाफ यायची, आणि सगळे तिच्याभोवती जमून हसायचे. मी लांबूनच तिला मान द्यायचो.

आम्हा पिल्लांना सांभाळायला शेती मंडळातली एक मुलगी होती. तिला सगळे टिचकी म्हणायचे. खाद्याच्या डब्यावर बोटानं टिचक्या मारल्या की आम्ही धावत यायचो, म्हणून टिचकी. एक पिल्लू पेटीतच मलूल पडलं होतं. टिचकीनं त्याला ओढणीत गुंडाळून, कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजून जगवलं. पुढे तेच सगळ्यांत दांडगं झालं, आणि त्याचं नाव पडलं पैलवान.

थोडे मोठे झाल्यावर शेतीच्या सरांनी आम्हाला एकेक करून हातात धरलं. सर मुळात गणिताचे; शेती मंडळ त्यांच्या गळ्यात पडलं होतं. "हा कोंबडा. हाही कोंबडा. ही कोंबडी." माझ्यापाशी आले तेव्हा त्यांनी मला उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा वर सरकवला. "ही... कोंबडी असेल."

त्या 'असेल'वर माझ्या पायात लाल दोरा आला. कोंबडा ठरलेल्यांच्या पायात निळा.

"सर, निळे दोरे पुढे कुठे जाणार?" टिचकीनं विचारलं.

"गृहकला मंडळात."

"तिथे काय शिकायला?"

"शिकायला नाही गं," सर म्हणाले, "शिजायला." आणि स्वतःच हसले. टिचकी हसली नाही. मला तर विनोदच कळला नाही.

मी तोऱ्यात चालतो म्हणून टिचकी मला 'ताईसाहेब' म्हणायची. "या ताईसाहेब, जेवून घ्या." आणि मग एका दुपारी माझ्या मानेवरून हात फिरवता फिरवता ती थांबली. माझा तुरा लालभडक झाला होता, शेपटीची पिसं वाकून लांब झाली होती.

"ताईसाहेब," ती हळूच म्हणाली, "हे काय हो? कुणाला सांगू नका बरं."

मी काय सांगणार? मलाच काही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून ती भलतंच वागायला लागली. उजाडायच्या आत शाळेत यायची. माझ्या घशात काहीतरी दाटून यायचं, मान आपोआप वर व्हायची, तेवढ्यात ती मला छातीशी दाबून धरायची. "गप, गप." सर विचारायचे, "ही अंडी कधी देणार?" तर म्हणायची, "लाजाळू आहे हो सर." एकदा शेजारणीचं अंडं उचलून तिनं "हे ताईसाहेबांचं" असं सरांना सांगितलं. शेजारीण माझ्याकडे अशी काही बघत राहिली की मलाच शंका आली, कदाचित दिलंही असेल मी.

मग सहामाही संपली. टिचकी भिंतीपलीकडे गेली. गळ्यात एप्रन, केस बांधलेले. नव्या मुलांना आमच्याशी देणंघेणं नव्हतं. ती मुलं आपली उशिरा यायची. आणि एका सकाळी सगळी शाळा भरत असताना घशातलं ते दाटलेलं बाहेर पडलं. केवढा आवाज! मी स्वतःच दचकून मागे बघितलं.

गृहकलेच्या बाई हातातलं भरतकाम तसंच घेऊन बाहेर आल्या. "सर, तुमची कोंबडी आरवतेय!"

सर आले. त्यांनी माझा दोरा बघितला, तुरा बघितला आणि कपाळाला हात लावला. बाई मात्र दारात उभ्या असलेल्या टिचकीकडे बघत होत्या. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का गं?" त्या म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या.

अडचण अशी होती. वर्षअखेरीला पालकांचं जेवण असतं आणि ते गृहकला मंडळ रांधतं. निळे दोरे त्यासाठीच असतात. कळपासाठी एकच कोंबडा मागे ठेवतात. त्या जागेवर पैलवानाची नेमणूक झालेली होती. दोन ठेवले तर एकमेकांना फाडतात.

"दोघांनाही तूच वाढवलंस," सर टिचकीला म्हणाले. "कोण ठेवायचा, तूच सांग."

"मी नाही सांगणार."

"मग मला नाणं उडवावं लागेल."

टिचकी खुराड्याची जाळी धरून आत बघत होती. पैलवान नेहमीप्रमाणे एका कोंबडीच्या मानेवर चोच मारत होता. तिथली पिसं केव्हाच गेली होती. मी दाणा सापडला की बायकांना हाक मारायचो, आधी त्या खायच्या. कोंबडीसारखा वाढलो, तसाच वागत होतो.

"ताईसाहेबांना ठेवा," ती म्हणाली. "पैलवान कोंबड्यांचं रक्त काढतो."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पैलवानाचं काम मी दुसऱ्या कुणाकडे देते. तू त्या दिवशी भाज्या चिर."

"नको बाई. मी सांगितलं ना? मग मीच करणार."

आणि तिनं केलं. मान शिपाईकाकांनी उतरवली. पिसं काढणं, साफ करणं, रांधणं सगळं तिनं केलं. मी खिडकीतून बघत होतो. ज्या हातानं तिनं त्याला कापसाचा बोळा पिळून पाणी पाजलं होतं, तोच तो हात. पालकांनी बोटं चाटली. तिची आई म्हणाली, "अगं, इतकं छान कधी शिकलीस?" टिचकीनं एक घास खाल्ला, सावकाश चावून गिळला आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे ना?"

जेवणं झाल्यावर ती खुराड्यात येऊन माझ्यासमोर मातीत बसली. हात धुतलेले होते, तरी वास येत होता. मी कोपऱ्यात सरकलो. तिनं मूठ उघडून पुढे धरली. मूठभर दाणे. मला त्या हाताची भीती वाटत होती, आणि मला भूक लागली होती. कुठलं खरं, ते मला ठरवता येईना. शेवटी मी गेलो आणि खाल्ले. तेव्हा ती रडली.

आता ती वरच्या वर्गात आहे, तिची इमारतही वेगळी. पेटीत नवी पिल्लं निघाली आहेत, माझीच. सरांनी या खेपेला चष्मा बदलून नीट बघितलं. काहींच्या पायात लाल दोरा आहे, काहींच्या निळा. नवी एक मुलगी त्यांना दाणे टाकते, नावं देते, गालाला लावते. मी बघतो आणि तिला सावध करावं की पिल्लांना, हेच मला सुचत नाही.

तुम्ही माणसं आहात. जगवणारा हात आणि मारणारा हात एकच असतो, तेव्हा त्याच्यापाशी जायचं की त्याच्यापासून पळायचं, हे तुमच्यात कुणाला तरी ठाऊक असेल. असलं तर येऊन सांगा. पहाटे आलात तरी चालेल. मी जागाच असतो.