वाढत्या मापाचा टोप

मित्रांनो, मी एक जुनी मापाची फीत आहे. शिंप्याच्या गळ्यात असते तसलीच. पण माझ्या नशिबी कधी सदरा आला नाही की झगा. मी जन्मभर फक्त डोकी मोजली.

एका कारखान्यात सुती पट्टीवर पिवळं रोगण चढवून, काळे आकडे छापून, दोन्ही टोकांना पितळी पत्रे ठोकून मला घडवलं. चांगली दीडशे सेंटिमीटर लांबी मिळाली. त्यातले शेवटचे ऐंशी-नव्वद आकडे अजून कोरे करकरीत आहेत, कारण एवढं मोठं डोकं कुणाचंच नसतं. गर्वाने फुगलेलंसुद्धा बासष्टच्या आत बसतं. मी मोजलंय.

मला विकत घेतलं ते केसांचे टोप करणाऱ्या एका बाईंनी. हल्ली लोक विग म्हणतात, बाई टोपच म्हणायच्या. जिन्याखालच्या अरुंद खोलीत त्यांचं दुकान होतं. फळीवर ओळीने लाकडी डोकी, टेबलावर जाळीचे तुकडे, बारीक आकडेदार सुई आणि दोऱ्याने बांधलेल्या केसांच्या जुड्या. दाराच्या काचेला जाड पडदा होता. आत आलेलं माणूस आधी तो पडदा नीट ओढलाय ना ते बघायचं, मगच डोक्यावरची टोपी काढायचं. आणि टोपी काढताना जवळजवळ सगळेच डोळे मिटायचे.

बाईंची माप घेण्याची रीत ठरलेली होती. केस असतील तर ते आधी चापून बसवायचे. मग मला कपाळावरच्या केसांच्या रेघेवरून, कानांच्या मागून, मानेच्या खळगीवरून फिरवून परत कपाळाशी आणायचं. त्यानंतर कपाळापासून मानेपर्यंत, आणि शेवटी माथ्यावरून या कानापासून त्या कानापर्यंत. "घट्ट टोप डोकं उठवतो, सैल टोप अब्रू घालवतो," असं त्या प्रत्येकाला ऐकवायच्या. नाटकातले राजे, विदूषक, लग्न ठरल्यावर घामाघूम होऊन आलेला टकला कारकून, सगळे माझ्या हाताखालून गेले. एकाचाही टोप परत आला नाही. "माझी जीभ आणि माझी फीत, दोन्ही सरळ," असं बाई म्हणाल्या की मी गुंडाळीतल्या गुंडाळीत फुलून यायची.

मग एके दिवशी दुपारी एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आजारावरच्या औषधाने मुलीचे केस पार गेले होते. सोमवारपासून तिला पुन्हा शाळेत जायचं होतं, आणि टोप नसेल तर ती जाणार नव्हती. घरात तिला 'वटवट' म्हणत, आणि ते का, हे कळायला मला वेळ लागला नाही.

"आई, टोप म्हणजे स्वयंपाकघरातला?"

"अगं, केसांचा."

"तरी झाकण पण घेऊ या ना!"

"झाकण तुझ्या तोंडाला बसवते, थांब," बाई म्हणाल्या, आणि पोरगी खुदकन हसली. आई हसली नाही. आल्यापासून तिने दोनदा हात धुतले होते आणि एक तळवा लेकीच्या पाठीवर ठेवला होता, श्वास मोजत असल्यासारखा.

"जरा वाढत्या मापाचा करा हं," ती म्हणाली. "हिचं सगळं मी तसंच घेते. बूट, स्वेटर... पुढच्या वर्षीही यायला हवं."

"ताई, बुटात बोळा कोंबता येतो, टोपात काय कोंबणार? आणि डोकं आता असं कितीसं वाढणार आहे? वाढायचे ते केस."

"बरं," आई म्हणाली. पण मी मानेमागून फिरत असताना, लेकीला धरायच्या निमित्ताने तिने आपलं एक बोट हळूच माझ्याखाली सरकवलं. साबणाने खरखरीत झालेलं, गार बोट. बाई समोरून आकडा वाचत होत्या, त्यांना मागचं दिसलं नाही. "त्रेपन्न," त्यांनी वहीत लिहिलं. खरं माप साडेएक्कावन्न होतं. पण मित्रांनो, फितीला आकडे असतात, तोंड नसतं.

सोमवारच्या आत टोप तयार करून दिला, आणि पुढच्या आठवड्यात दोघी परत आल्या. टोप पिशवीत होता.

"मावशी, पळापळी खेळताना मी मागे वळले," वटवट म्हणाली, "आणि हा पुढेच बघत राहिला!" तिने ते हसत सांगितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एका मुलाने तो घालून सगळ्यांना दाखवला."

बाईंचा चेहरा पडला. "इतक्या वर्षांत असं झालं नाही. फीतच सैल पडली असणार." त्यांनी मला टेबलावर ताणून धरलं आणि शेजारी लोखंडी पट्टी ठेवली. मित्रांनो, त्या घटकेला मला जी लाज वाटली, ती कधी विसरणार नाही. मी केसभरही चुकले नव्हते, तरी आरोपीसारखी पडून राहिले. आकड्याला आकडा जुळला.

"तिला बोल लावू नका," आई म्हणाली. "मी बोट घातलं होतं मध्ये."

बाईंनी मान वर केली. चार शब्द सुनावायला तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. मग नव्याने माप घेतलं, साडेएक्कावन्न, आणि रात्रंदिवस खपून टोप आवळून दिला. तो इतका नेमका बसला, की वटवट त्याच्यासकट उलटी कोलांटी मारून दाखवायची.

पावसाळा संपता संपता बातमी आली, की तिला स्वतःचे केस आले. मखमलीसारखी लव, मग बोटभर. आईने टोप धुऊन, विंचरून दवाखान्यातल्या दुसऱ्या एका मुलीला देऊन टाकला. आता काय करायचाय, म्हणाली.

हिवाळ्यात त्या पुन्हा आल्या. आजार उलटला होता, नवे केसही गेले होते. मुलगी खुर्चीत बसली. तिला आता वटवट म्हणावंसं वाटत नव्हतं, इतकी ती गप्प होती. बाईंनी टोप म्हटलं, ते ऐकूनही झाकणाचं नाव निघालं नाही. मी कपाळावरून निघाले, कानामागून गेले. डोकं तेवढंच होतं. खालची मान मात्र काडीसारखी झाली होती. मानेच्या खळगीशी पोचल्यावर मी वाट पाहिली. आता ते बोट येईल. गार, खरखरीत.

बोट आलं नाही. आई खिडकीपाशी उभी होती, दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"आहे तेवढ्याच मापाचा करा," ती म्हणाली.

बाई थांबल्या. आकडा त्यांनी वाचलाच नाही. मग मुलीच्या मानेमागे स्वतःचं बोट घातलं आणि मला त्यावरून फिरवलं. "त्रेपन्न," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आतून पट्टी लावून देते, आज नीट बसेल असा. पट्टी कच्च्या दोऱ्याने टाचलेली असेल. डोकं वाढलं की काढायची. पण घरी नाही हं उसवायची. इथे यायचं. मीच काढणार."

"कधी?" मुलीने विचारलं. त्या दिवशीचा तिचा तो एकच शब्द.

"पुढच्या वर्षी. आणि झाकणाचं पण बघू तेव्हा."

आईने खिशातला एक हात काढून तोंडावर धरला.

मित्रांनो, त्यानंतर माझे आकडे पुसट झाले, एक पितळी पत्रा निखळला. बाईंनी नवी फीत आणली आणि मला पिनांच्या खणात ठेवलं. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला दोन्हीकडून ओढून खेळू नका. ताणलेली फीत पुढे आयुष्यभर खोटं बोलते. आणि वर्गात कुणी टोप घालून आलं, तर तो ओढून बघू नका. त्याच्या आत कुणाचं तरी बोट असतं.

ते पुढचं वर्ष आता अर्धं सरलंय. दाराची कडी वाजली की बाई आधी कात्री हातात घेतात, मगच पडदा सारून बघतात. खणाची फट बारीक आहे. तीतून मला नुसती कात्रीच दिसते. अजून तरी ती दर वेळी तशीच जागेवर परत आली आहे.