बोडीचा रंग

नकाशावर इंदुताईंची बोडी, शेतातले लहान तळे, नखाएवढी होती आणि तिला घरांचा पिवळा रंग दिला होता. मोजणी मे महिन्यात झाली, तेव्हा ती कोरडी होती.

आज ब्रह्मपुरीच्या नव्या विकास आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी होती.

“पिवळाच राहू दे, आई,” प्रफुल कुजबुजला. “प्लॉट पाडू. मले दुकान टाकता येईन. बोडीत बेडकंच राह्यतेत.”

महिनाभर इंदुताई त्याला ‘पाहू’ म्हणत आल्या होत्या. मागच्या बाकावर शेजारच्या शेताचे मुखरूभाऊ बसले होते. त्यांचा धान बोडीच्याच पाण्यावर पिकायचा.

“बाई, हरकत आहे का?” अधिकाऱ्यांनी विचारले.

इंदुताईंनी लेकाचा हात हातात घेतला.

“हाय साहेब. निळा रंग द्या. बोडी हाय ते, बोडीच राहीन.”