अन्नपूर्णेच्या चुका

अन्नपूर्णेने डोक्यावरची घागर उतरवली आणि ओट्याच्या कडेबाहेर सोडली. घागर फुटली, पाणी अंगणभर झालं. तिची वहिनी गीताबाई चुलीपासून उठली आणि खराटा घेऊन आली.

सोजराबाईने मुलीला हाताला धरून खापरांपासून बाजूला केलं. मागच्या बाजाराच्या दिवशी याच मुलीने याच ओट्यावर घागर अलगद टेकवली होती.

"आधी गुडघा ओट्याले लागू दे, मंग घागर ठेव. सांगितलं होतं ना?"

"इसरली, मावशी."

सोजराबाई बुलढाण्याच्या जनानी दवाखान्यात मदतनीस होती. अन्नपूर्णा सोळा वर्षांची. देवीच्या साथीत तिचे डोळे गेले, ठरलेली सोयरीक मोडली, आणि तेव्हापासून देऊळघाटच्या घरात ती भिंतीला टेकून बसलेली असे. तिचे वडील नारायणराव भाजीपाल्याची गाडी घेऊन बुलढाण्याच्या बाजाराला येत. एकदा ते तिला दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नजर काही परत येणार नाही, पण मुलगी धडधाकट आहे, रोजची कामं तिला शिकवता येतील. ते काम त्यांनी सोजराबाईकडे सोपवलं. बाजार आटोपला की नारायणरावांच्या गाडीतूनच ती देऊळघाटला यायची आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत जायची.

तिने अन्नपूर्णेला भिंत सोडून चालायला लावलं. विहिरीची वाट तळपायांनी ओळखायला, भाकरी कधी उलटायची ते वासावरून ठरवायला, आपली वेणी आपण घालायला शिकवलं. संध्याकाळी दोघी मारुतीच्या पारापर्यंत चालत जात. वाटेत सोजराबाई दवाखान्यातल्या गमती सांगे आणि अन्नपूर्णा पदर तोंडावर धरून हसे. घरातले लोक वाईट नव्हते. पण त्यांच्यामागे मळा होता, गीताबाईची लहान पोरं होती. ते तिच्यापुढे ताट ठेवत आणि कामाला निघून जात.

पावसाळा सरता सरता मात्र शिकलेलं बिघडू लागलं. आज जमलेली भाकरी पुढच्या खेपेला करपायची. पायाखालची वाट चुकून ती गोठ्याकडे वळायची. सोजराबाई पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. रागावायची नाही, पण थकायची.

त्याच सुमारास नागपूरला आंधळ्या मुलींना शिकवणारी एक शाळा निघाली होती. मध्यप्रांतातल्या मुलींबरोबर वऱ्हाडातल्याही तिथे घेणार होते. राहणं, जेवणखाण, वेताची विणकामं, बोटांनी वाचायची अक्षरं, सगळं तिथेच. अट एवढीच, की मुलीला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. डॉक्टरीणबाईंच्या शब्दावर एक मुलगी जाणार होती. सोजराबाईने हे देऊळघाटला कुणाला सांगितलं नाही. पोरीला उगाच आस लागू नये, असं तिला वाटलं.

दिवाळीआधी डॉक्टरीणबाईंनी तिला अन्नपूर्णेबद्दल विचारलं. सोजराबाई बराच वेळ पट्टीच्या कापडाच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "नाही, बाई. तिच्यानं नाही होणार." ती खोटं बोलली नव्हती. जे पाहिलं तेच तिने सांगितलं. नागपूरला धामणगाव बढे गावची दुसरी एक मुलगी गेली. आणि जिथे काही उपयोग होत नाही तिथे आता जाऊ नकोस, असं सोजराबाईला सांगण्यात आलं.

संक्रांतीनंतर एका बाळंतपणासाठी तिला देऊळघाटला यावं लागलं. बाळंतीण सुटल्यावर ती नारायणरावांच्या घराकडे वळली. घरची माणसं मळ्यात गेली होती. दार उघडं होतं.

अन्नपूर्णा विहिरीकडून येत होती. डोक्यावर घागर, चालणं सरळ. ओट्याला गुडघा लावून तिने घागर ठेवली. एक थेंब सांडला नाही. मग चुलीपुढे बसून तिने भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि वेळेवर उलटली. सोजराबाई दारातच उभी राहिली होती.

अन्नपूर्णेचे हात थांबले. तिने मान वर केली.

"मावशी? दवाखान्याचा वास येऊन राह्यला."

सोजराबाई आत येऊन तिच्याजवळ बसली. "हे कवा शिकली तू?"

"तुम्हीच तं शिकवलं."

"मंग माह्यापुढं काऊन जमत नव्हतं?"

अन्नपूर्णेने तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्यांपुढे उभी केली.

"जमलं असतं तं तुम्ही कायले आल्या असत्या?" ती म्हणाली. "मले वाटे, चुकत राह्यली तं तुम्ही येत राहसान. तं तुमचं येणंच बंद झालं."

सोजराबाईने तिच्या कपाळावर आलेले केस मागे सारले. तिचा हात तिथेच राहिला. 

त्यानंतर, दवाखान्यातून सुटी मिळेल तेव्हा, सोजराबाई आपणहून येऊ लागली. शिकवायचं काही उरलं नव्हतं. अन्नपूर्णा चहा करी, आणि मग दोघी पारापर्यंत जाऊन येत.

एकदा पारावर बसल्यावर अन्नपूर्णा म्हणाली, "धामणगाव बढ्याची एक पोरगी नागपूरले शिकाले गेली म्हणे. तिलेबी दिसत नाही. वहिनी सांगत होती."

सोजराबाईने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"लई हुशार असन ती," अन्नपूर्णा म्हणाली.

"असन," सोजराबाई म्हणाली.