सुकाणूवरचा हात

"सिस्टर, दोरी ओढा! अहो, वारा निघून चाललाय!" डॉक्टर मागून ओरडले.

सिस्टरांनी पुढच्या शिडाची दोरी छातीशी ओढली आणि होडीच्या काठावर मागे रेलल्या. शीड ताठ झालं, होडी एका अंगावर कलली आणि पाणी कापत निघाली. नदीवरच्या होडी-क्लबच्या रविवारच्या शर्यतीत आज सात होड्या होत्या आणि डॉक्टरांची तिसरी होती. एरवी अशा वेळी डॉक्टर शीळ घालायचे. आज ओठ घट्ट मिटलेले होते आणि सुकाणूचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

सिस्टरांनी ते पाहिलं आणि नजर पाण्याकडे वळवली.

सिस्टर दातांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. एकोणीस वर्षं त्या डॉक्टरांच्या शेजारी उभ्या होत्या. डॉक्टरांनी नुसता हात पुढे केला, की कुठलं हत्यार द्यायचं ते त्यांना न सांगता कळायचं. होडीत मात्र त्या आल्या अकरा वर्षांपूर्वी, डॉक्टरांचा मुलगा परदेशी गेला तेव्हा. पुढच्या शिडाला माणूस हवा होता. एका पेशंटच्या गालात कापूस ठेवता ठेवता डॉक्टरांनी विचारलं होतं, "सिस्टर, तुमचं वजन किती हो?" सिस्टर लाजून लालेलाल झाल्या आणि पेशंट कापसासकट फिदीफिदी हसला. पण डॉक्टरांना खरोखर वजनच हवं होतं. वाऱ्यानं होडी कलली की उलट्या बाजूला रेलायला.

सिस्टरांचा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. तो म्हणाला, "सहा दिवस त्यांचं ऐकतेस, ते पुरत नाही वाटतं?" सिस्टर पहिल्या रविवारी नखशिखान्त भिजून घरी आल्या, खुर्चीत तशाच बसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारीही जाणार मी." नवऱ्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं टॉवेल आणून दिला.

डॉक्टरांच्या हाताचं सिस्टरांच्या लक्षात आलं चार महिन्यांपूर्वी. तपासायचा छोटा आरसा पेशंटच्या दातावर टकटक वाजला. मग डॉक्टर पाठमोरे होऊन इंजेक्शन भरू लागले. आणि गेल्या मंगळवारी एका शिक्षिकाबाईंच्या जिभेला हत्यार लागलं. भळकन रक्त आलं. डॉक्टर पांढरेफटक पडले. सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं, "बाई, तुम्ही हललात ना!" टाका घातल्यावर बाई जड जिभेनं माफी मागून गेल्या. त्या माफीनं सिस्टरांना अन्न गोड लागेनासं झालं होतं. आणि उद्या साडेदहाला एका मुलीची अक्कलदाढ काढायची होती.

होडी आता प्रवाहाच्या उलट, काठाला धरून चालली होती. काठाजवळ प्रवाहाचा जोर कमी, पण झाडांमुळे वाराही अडतो. होडी मंदावली. मागची होडी बरीच लांब होती.

"डॉक्टर," सिस्टर पुढे बघतच म्हणाल्या, "उद्याची अक्कलदाढ नका काढू."

"का?"

"का ते तुम्हाला ठाऊक आहे."

"शिडाकडे लक्ष द्या."

"शिडाकडेच आहे. मंगळवारी बाई हलल्या नव्हत्या."

पाणी होडीच्या पोटाला चुबुकचुबुक लागत राहिलं.

"मी खोटं बोलले, डॉक्टर. एकदा बोलून गेले. पुन्हा नाही जमायचं मला."

"हे सांगायला हीच जागा सापडली?"

"दुसरीकडे कुठं सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असतात."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दवाखाना बंद केला तर तुमचं काय? केलाय विचार?"

"केलाय. घरीही बोलले. या वयात कोण घेईल देव जाणे. पण बघीन कुठंतरी."

"तुम्हाला वाटतं मला कळत नाही?" डॉक्टर एकदम ओरडले. "रोज सकाळी शर्टाचं बटण लावताना कळतं मला!"

समोर पाण्यावर तरंगणारा नारिंगी बोया आला. त्याला वळसा घालून परत फिरायचं होतं. डॉक्टरांनी दांडा ढकलला, पण हात मध्येच थरथरला आणि होडीचं अंग बोयाला खर्रकन घासलं. बोया पाण्याखाली दबला आणि डुबुकन वर आला.

बोयाला लागलं की जागीच एक पूर्ण गिरकी घ्यायची, असा नियम. डॉक्टरांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. पुढच्या दोन होड्या पाठमोऱ्या होत्या आणि मागच्यांना त्यांचीच शिडं आड येत होती.

"कुणी पाहिलं नाही," ते म्हणाले.

सिस्टरांनी दोरी हातात तशीच धरून ठेवली. सांगायचं होतं तेवढं सांगून झालं होतं.

डॉक्टरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग खोल आवाजात म्हणाले, "दोरी सोडा. फिरायचंय."

होडी गरगरत वळली. अरुंद पात्रात गिरकी पुरी होईपर्यंत मागच्या चारही होड्या पुढे निघून गेल्या. त्यातल्या एकीतून बँकेचे मॅनेजर ओरडले, "काय डॉक्टर, मासे धरताय का?"

"बोयाला लागलो हो!" डॉक्टरही तसेच मोठ्यानं ओरडले.

होडी प्रवाहाला लागल्यावर ते सरकून बसले. "या इकडे. सुकाणू घ्या."

"मला नाही येत."

"अकरा वर्षं बघताय. या म्हणतो ना."

सिस्टरांनी दांडा हातात घेतला. लाकूड गरम होतं आणि त्यातून अख्खी नदी ओढ घेत होती. होडी आधी वेडीवाकडी गेली. डॉक्टर पुढच्या शिडाची दोरी मांडीखाली दाबून बसले होते. वळून न पाहता म्हणाले, "घट्ट नका धरू. ती सांगते कुठं जायचंय ते." थोड्या वेळानं होडी सरळ चालू लागली.

होडी सातवी आली. धक्क्यावर निकाल लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "सुकाणूवर तुम्हीच ना, डॉक्टर?"

"जाताना मी, येताना ह्या. ह्यांचंही नाव लिहा." आणि त्यांनी सिस्टरांचं नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश. एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून सिस्टरांनी ते कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी सिस्टर नेहमीच्या वेळेला दवाखान्यात आल्या. हत्यारं उकळायला ठेवावीत की नाही, ते कळेना, शेवटी ठेवली. नऊला डॉक्टर आले. अंगात पांढरा कोट नव्हता. ते थेट पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "पेशंटांची वही आणा आणि फोन लावून द्या. माझ्याकडून आकडे चुकतात."

पहिला फोन शिक्षिकाबाईंना झाला. "बाई, मंगळवारी तुम्ही हलला नव्हतात," डॉक्टर म्हणाले. "माझा हात हलला. माफी मी मागायला हवी होती." पलीकडून बाई बराच वेळ बोलत राहिल्या. डॉक्टर नुसते "हो... हो" म्हणत होते. सिस्टर पाठ करून गॅस बारीक करत राहिल्या.

दुसरा फोन अक्कलदाढवाल्या मुलीच्या आईला. तिला त्यांनी चौकातल्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. "हात छान आहे तिचा," म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी डोकं खुर्चीला टेकलं. वर दिवा होता, न लावलेला. त्यात त्यांचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता. सिस्टर वही उघडी धरून उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या त्यांच्या उजव्या अंगाला. खाली अजून बरीच नावं होती.

डॉक्टरांनी हात पुढे केला.

सिस्टरांनी पुढचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.