तीस पूर्ण होईपर्यंत

मला पुस्तक म्हणू नका, मित्रांनो. पुस्तकाला पाठीचा कणा असतो, मला नुसत्या दोन घड्या आहेत. एका जाड कागदाच्या दोन्ही बाजू मिळून सहा पानं, वर प्लास्टिकचं आवरण आणि माथ्यावर निळ्या अक्षरांत 'संख्याशास्त्राची तोंडओळख'. मी आता जुनी झाले आहे. कोपरे पिवळे पडले आहेत, खाऱ्या हवेनं प्लास्टिकला पोपडे आले आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म ब्रिस्बेनचा. थेल्मा प्रायर नावाच्या कॉलेजच्या बाईंनी मला लिहिलं. त्यांनी लिहिली होती एकशे चाळीस पानं. प्रकाशक म्हणाला, सहा द्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना एवढंच लागतं. बाई एकेका वाक्यासाठी भांडल्या, शेवटी थकून त्यांनी हात टेकले. मला मात्र माझ्या आटोपशीरपणाचा फार अभिमान होता. जाडजूड ग्रंथांच्या शेजारी दुकानात उभं राहताना मी मनात म्हणायची, बघा, तुमचं सगळं ज्ञान माझ्या सहा पानांत मावलं!

राजधानीच्या शहरातल्या, सुव्यातल्या, एका दुकानातून मला सिस्टर उनाइसीनं विकत घेतलं. वय अडतीस, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. दोन दिवसांच्या बोटीच्या अंतरावरच्या एका बेटावर ती अकरा वर्षं एकटी परिचारिका होती. चार गावं, एक दवाखाना, एक रेडिओ आणि ती. तिला पुढचा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम करायचा होता. त्यासाठी संख्याशास्त्राचा पेपर सुटायला हवा होता, आणि त्यात ती दोनदा नापास झाली होती. तिनं मला टॉवेलात गुंडाळून बेटावर आणलं, इतकं जपून की मला वाटलं, आता आपलं सोनं झालं.

तिला शिकवायला सेमेसा मास्तर यायचे. बेटाच्या दक्षिण टोकाला नासोलेवा नावाचं शहाऐंशी माणसांचं गाव. तिथल्या शाळेचे ते एकमेव शिक्षक. बुधवारी आणि शनिवारी दुपारी किनाऱ्यानं चालत यायचे. बायकोनं, टोरिकानं, केळीच्या पानात बांधून दिलेला उकडलेला कसाव्याचा कंद हातात असायचा. दवाखान्याच्या ओट्यावर चटई टाकून दोघं मला मध्ये पसरायची.

"मास्तर, मध्य आणि मध्यक, यात एका 'क'चा फरक," उनाइसी एकदा वैतागून म्हणाली. "तेवढ्यासाठी मी दोनदा नापास?"

"ऐका तर. काल आम्ही पाच जण मासे धरायला गेलो. चौघांना दोन-दोन मिळाले. जोनेला एकट्याला बेचाळीस. मध्य, म्हणजे सरासरी, किती?"

तिनं बोटांवर हिशोब केला. "दहा."

"म्हणजे माझ्या घरी काल दहा मासे शिजले. जा, सांगा टोरिकाला. झाडू घेऊन मागं लागेल तुमच्या!"

उनाइसी पोट धरून हसली. "मग मध्यक काय म्हणतो?"

"पाची जणांना कमी-जास्त मिळालेल्या क्रमानं ओळीत उभं करा आणि मधल्याच्या टोपलीत डोकवा. दोन. तो खोटं बोलत नाही."

मित्रांनो, माझ्या दुसऱ्या पानावर हेच चार ओळींत छापलेलं होतं. पण तिच्या डोक्यात उजेड पडला तो मास्तरांमुळे. मी तेव्हा हे कबूल केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याची तापाची नोंदवही घेऊन बसली. सहा महिन्यांत पोटाच्या तापाचे सतरा रुग्ण. दर महिन्याला ती रेडिओवरून हेच कळवायची, आणि पलीकडून उत्तर यायचं की गावामागे चारच होतात, काळजी नको. आता तिनं चारही गावं ओळीत उभी केली. एक, एक, एक आणि चौदा.

शनिवारी मास्तर आले तेव्हा तिनं तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. ते हसायला तोंड उघडणार होते, तेवढ्यात त्यांनी शेवटच्या आकड्यापुढचं नाव वाचलं. नासोलेवा.

"नळ," ते हळूच म्हणाले.

बाकीची तीन गावं पावसाच्या टाकीचं पाणी प्यायची. नासोलेवाची टाकी वादळात फुटली होती. सरकारी माणसांनी येऊन ओढ्यातून नवी नळी टाकून दिली होती. त्या नळीचं तोंड डुकरांच्या गोठ्यांच्या खालच्या अंगाला होतं. उनाइसी त्याच दिवशी गावात गेली. पाणी उकळून प्या, असं घरोघर सांगितलं. लोकांनी आठ-दहा दिवस उकळलंही. मग लाकडं ओली झाली, कामं निघाली, आणि मुलं पुन्हा नळाला तोंड लावू लागली. नळ बंद करा म्हटलं तर गावचे पंच म्हणाले, "बंद करून प्यायचं काय, सिस्टर? समुद्र? नळी सरकारची. सरकारचा माणूस येऊन सांगू दे, दुसरीकडे हलवू दे."

सरकारचा माणूस महिनाअखेरीला आला. इसिकेली साहेब, जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी. माणूस वाईट नव्हता. बोटीनं आंबला होता, अजून तीन बेटं करायची होती. नारळाचं पाणी पिता पिता त्यांनी तिचा कागद पाहिला.

"मेहनत घेतलीये. पण सिस्टर, चौदाच रुग्ण आहेत. यावरून पाण्याला दोष द्यायचा? वर पाठवलं तर मलाच हसतील."

"बाकी तीन गावांत मिळून तीन, साहेब. आणि एकट्या नासोलेवात चौदा."

साहेबांची नजर टेबलावर गेली. टेबलावर मी होते. त्यांनी मला उचललं, चौथं पान उघडलं आणि जाड रेघांच्या एका चौकटीवर बोट ठेवलं.

"हे तुमचंच ना? वाचा."

उनाइसीनं वाचलं. 'नमुना तीसपेक्षा लहान असल्यास त्यावरून निष्कर्ष काढू नये.'

"तीस झाले की कळवा. मी स्वतः येतो, शब्द देतो."

"तीस कसे होणार, ते कळतंय ना तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "साहेब, तीस पोरं आजारी पडायची वाट बघू मी?"

"नियम मी केलेला नाही. तुमच्याच कागदावर छापलाय."

मित्रांनो, त्या चौकटीत आणखी तीन वाक्यं होती. मी प्रुफावर असताना माझ्या अंगावर होती, म्हणून मला पाठ आहेत. 'तीस हा केवळ ढोबळ अंदाज आहे. लहान नमुन्यांसाठी वेगळ्या कसोट्या आहेत. फरक फार मोठा असेल तर थोड्या नोंदीही पुरेशा असतात.' चौकट पानाबाहेर जात होती म्हणून जुळणी करणाऱ्यानं ती वाक्यं उडवली. थेल्मा बाईंनी समासात तीन प्रश्नचिन्हं काढली होती. कुणी पाहिली नाहीत. आणि मी? मला वाटलं होतं, बरं झालं, चौकट कशी नेटकी दिसते!

साहेब गेल्यावर उनाइसीनं मला उलटंपालटं करून पाहिलं. घड्यांच्या आत, शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. तिला आधार देईल असा एक शब्द ती शोधत होती, आणि माझ्याकडे तो नव्हता.

मास्तर मात्र खवळले. "नमुना कसला? नमुना म्हणजे भांड्यातला एक घोट. इथं आपण अख्खं भांडं पालथं घातलंय! गावातलं एकूण एक माणूस मोजलंय तुम्ही!"

"छापलंय ना पण," उनाइसी म्हणाली. "मी दोनदा नापास झालेली बाई. मी कुठल्या तोंडानं सांगू की छापलेलं चूक आहे?"

"तुम्ही नका सांगू. मी लिहितो."

मास्तरांनी तीन पानी पत्र लिहिलं. ते बोटीनं साहेबांच्या कचेरीत गेलं. उत्तर आलं नाही.

मग मोजणं सुरू झालं. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून ती खडूनं रेघ मारायची. सोळा. एकोणीस. रेडिओवर सांगायची, पलीकडून विचारायचे, "किती झाले?" विसाव्या नंबरला लुसियाना आली, दोन वर्षांची. तिच्या आईनं तिला पाठीवर बांधून किनाऱ्यानं चालत आणलं होतं. पाचव्या दिवशी आई तशीच पाठीवर बांधून परत घेऊन गेली, पण पोर तेव्हा कुणाशी बोलत नव्हती, रडत नव्हती. उनाइसीनं विसाची रेघ पुसली नाही. पुसता येत नव्हती. तीस व्हायला तीही लागणार होती.

तेविसावे सेमेसा मास्तर.

शाळेतल्या मुलांसाठी ते रोज सकाळी दोन पातेली पाणी उकळायचे. मुलांना पुरायचं, स्वतःला उरायचं नाही. मग दुपारी नळाला ओंजळ लावायचे. टोरिकानं त्यांना होडीतून आणलं तेव्हा ते तापानं फणफणले होते, तरी जीभ गप्प नव्हती.

"सिस्टर, मला धरून किती?"

"तेवीस. गप पडा."

"अजून सात. अरे, कुणीतरी घाई करा म्हणावं."

"मास्तर, थोबाडीत देईन हं." ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

नवव्या दिवशी त्यांच्या पोटात रक्तस्राव झाला. तिनं रेडिओवरून बोट मागितली. समुद्र खवळला होता, बोट निघाली नाही. सकाळी शाळेच्या घंटेच्या वेळेला मास्तर गेले. टोरिका खाटेशी बसली होती. तिनं त्यांच्या पायावरची चादर नीट केली, परत केली, परत केली. मी समोरच्या टेबलावर उघडी पडले होते. माझी चौकट छताकडे बघत होती.

साहेबांच्या भेटीनंतर अकराव्या आठवड्यात तिसावी रेघ झाली. उनाइसीनं रेडिओ उचलला आणि दोनच शब्द सांगितले. "तीस झाले."

साहेबांनी शब्द पाळला. चौथ्या दिवशी सहा माणसं घेऊन आले. नळीचं तोंड गोठ्यांच्या वरच्या अंगाला नेलं, नवी टाकी बसवली. दोन दिवसांचं काम. तिसऱ्या आठवड्यानंतर नासोलेवात एकही नवा रुग्ण आला नाही.

त्यानंतर उनाइसीनं सुव्याला जाऊन परीक्षा दिली. एका प्रश्नात नमुना किती मोठा असावा, ते विचारलं होतं. तिनं माझी चौकट शब्दशः लिहिली. पाचापैकी पाच गुण मिळाले. ती पहिल्या वर्गात पास झाली, आणि निकालाचं पत्र तिनं कुणालाही दाखवलं नाही. तेव्हापासून तिनं मला एकदाही उघडलं नाही.

काही महिन्यांनी सरकारचा छापील अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. वेळेवर केलेल्या उपायांमुळे साथ आटोक्यात आली, असं पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं. उनाइसीचं नाव कुठं नव्हतं. रविवारी प्रार्थनेनंतर पंचांनी तिला चर्चच्या ओसरीवर तो वाचून दाखवायला सांगितलं. तिच्या पिशवीत मीही होते, नोंदवहीच्या पानांत अडकलेली.

ती वाचत गेली. नासोलेवात कारवाईच्या दिवसापर्यंत एकूण बाधित तीस. लोकसंख्येशी प्रमाण अमुक. कालावधी तमुक. लोक मान डोलवत होते. टोरिका मागच्या खांबाला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "त्यात सेमेसा कुठं आहेत?"

उनाइसीनं पान उलटलं, बोटानं ओळ शोधली.

"वाच ना, सिस्टर."

"मृत्यू दोन," उनाइसीनं वाचलं. "मृतांचं सरासरी वय साडेएकवीस वर्षं."

टोरिकानं लुसियानाच्या आईकडे पाहिलं. त्या बाईनं टोरिकाकडे पाहिलं. एकीची पोर दोन वर्षांची होती, एकीचा नवरा एक्केचाळीसचा.

"साडेएकवीस वर्षांचं कोण गेलं आपल्याकडे?" टोरिका म्हणाली.

उनाइसीनं अहवाल मिटला. "कुणीच नाही गं."

मित्रांनो, तो आकडा बरोबर होता. माझ्याच दुसऱ्या पानावरच्या सूत्रानं काढलेला होता, कुठंही चूक नव्हती. तेव्हापासून आजपर्यंत मी गप्पच होते. माझ्या जातीच्या वस्तू तुमच्यापुढे शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, फाडू नका, धुळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला फाडलंत तरी चालेल. परीक्षेपुरतं माझं ऐका, गुण मिळवा. पण कुणाच्या तापाची, भुकेची, मरणाची गोष्ट आकड्यांत आली, की मला बाजूला ठेवा आणि ज्यांना मोजलंय त्यांच्या घरी जा. त्यांची नावं विचारा. मी सहाच पानांची आहे. नावांना माझ्यात जागा नाही.