ताटात टाकायचं नाही

आईने दुधाचा ग्लास टेबलावर ठेवला, समोरची खुर्ची ओढली आणि हाताची घडी घालून बसली. ताईने चमचा उचलला. एक चमचा तोंडात, मग थांबायचं, घोट खाली उतरला याची खात्री करायची, मगच दुसरा. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर तिच्या पोटाचं जेवढं शिल्लक ठेवलं होतं ते एखाद्या केळ्याएवढं होतं, तसं त्यांनी बोटांनी दाखवलंही होतं. आई मात्र रोजच्या दुधात एक अख्खं केळं घुसळायची, वर ताकदीची पावडर. केळ्याएवढ्या पोटात केळं, दूध आणि पावडर कशी मावणार, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

"नुसती ढवळत बसू नकोस," आई म्हणाली. "तुझ्या अंगात ताकद आली तरच पुढचं."

पुढचं म्हणजे धाकट्या भावाचं. तो खिडकीपाशी सुजलेले पाय स्टुलावर ठेवून, मांडीवर एका पंख्याची मोटर घेऊन बसला होता. जळलेल्या मोटरींना तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालून देणं हा त्याचा धंदा. माझ्या आतल्या दोन्ही मोटरी जळल्या, त्यांना वेढे घालून देणारा कोणी भेटत नाही, असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. दिवसाआड त्याला डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यावं लागे. ताईची किडनी त्याला जुळत होती. सगळ्या तपासण्या जुळल्या, अडलं ते वजनावर. एवढ्या वजनाच्या बाईची किडनी काढायला मोठ्या डॉक्टरांनी साफ नकार दिला होता. आधी उतरा, मग या, असं ते एखाद्या उंच झाडावर चढलेल्या पोरीला सांगावं तसं म्हणाले होते. उतरायचे सगळे उपाय करून झाल्यावर, पोट कापून लहान करून घेणं हाच एक राहिला होता.

दार वाजलं, आई उठली. शेजारीण काहीतरी मागायला आली होती आणि दोघी दारातच बोलत उभ्या राहिल्या. ताईच्या कपाळावर घाम आला. घशाखाली काहीतरी अडलं होतं आणि ते कुठल्या बाजूने जाईल याचा भरवसा नव्हता. ग्लास अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

धाकटा मोटर बाजूला ठेवून उठला आणि पाय ओढत टेबलापाशी आला.

"दे इकडे."

"तू पिऊ नकोस हं."

"वेडी आहेस का? बेसिनमध्ये ओततो. लहानपणी माझं किती दूध संपवलंस, आठवतंय ना? आता माझी पाळी."

तो ग्लास घेऊन आत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा ग्लास रिकामा होता, तळाशी पांढरट कडा तेवढी राहिली होती. आई दार लावून आली, तिने ग्लास उचलून उजेडात धरला आणि पहिल्यांदाच जरा सैल झाली. बघ, मनावर घेतलं की जातं, असं म्हणून तिने ताईच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या घरात कोणी ताटात टाकत नसे. वडील धान्याच्या गोदामावर पहारेकरी होते. फुटक्या पोत्यातून सांडलेले दाणे लोक बुटांनी तुडवत जातात हे त्यांनी जन्मभर पाहिलं, आणि त्याचा राग घरी आणला. जेवणं होईपर्यंत ते मागे हात बांधून उभे असत. ताट चाटूनपुसून लख्ख झाल्याशिवाय उठायची मुभा नव्हती. धाकट्याला दूध बघूनच मळमळायचं. वडिलांची पाठ फिरली की तो ग्लास टेबलाखालून ताईकडे सरकवायचा, आणि ती एका दमात तो संपवून रिकामा परत द्यायची. दुधानंतर भाकरीच्या कडा आल्या, मग आईच्या वाट्याचं उरलेलं, मग पाहुण्यांच्या ताटातलं. कोणाला काही नको झालं की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळत. ती थोरली होती, तिला भूक लागली आहे का असं कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते कधी आठवलं नाही. वडील गेले तरी तो कायदा राहिला. घरात माणसं तेवढीच होती आणि ताई तेवढी वाढत गेली.

बस स्टँडवर ती तिकिटाच्या खिडकीत बसायची. उतारूंना खिडकीतून तिचा चेहरा आणि हात दिसत, बाकीची ती आतच राही. तिच्यासाठी सुताराने खुर्चीचे हात कापून दिले होते. सहकारी तिला ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्यांच्या मते ते मानाने होतं.

ऑपरेशनच्या दिवसापासून घरात दोन आजारी माणसं झाली. धाकट्याला पाणी मोजून, कारण त्याच्या अंगातून ते बाहेर पडत नसे. ताईला पाणी मोजून, कारण तिच्या अंगात ते मावत नसे. दोघांसाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं एकच झाकण आईने मापाला ठेवलं होतं. दुपारी दोघं भावंडं समोरासमोर बसून आळीपाळीने त्या झाकणातून पाणी पीत आणि हसत. काय पार्टी चाललीय, असं तो म्हणायचा. मग झाकण उलटं करून शेवटचा थेंब जिभेवर पाडायचा आणि ओठांवरून जीभ फिरवत राहायचा. तिचं लक्ष तिकडे असायचं. तहान ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

केळी आई फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवायची. धाकट्याला केळं म्हणजे विष, हे डॉक्टरांनी तिला इतकं बजावलं होतं की ती केळं सोलतानाही त्याच्याकडे पाठ करायची. सोललेलं केळं, दूध, पावडर, घर्रकन मशीन, आणि ग्लास ताईसमोर. कधी फोन वाजायचा, कधी कुकरची शिटी, कधी आईला डुलकी लागायची. धाकट्याला ती वेळ बरोबर सापडे. ताई आता ‘पिऊ नकोस’ असं सांगायचीही थांबली होती. ग्लास उचलला जाई, नळ वाजे, ग्लास रिकामा येई.

वजन उतरत होतं. केस गळत होते, हाताची कातडी लोंबायला लागली होती, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येई, पण काट्यावरचा आकडा खाली येत होता आणि सगळं घर त्या आकड्याकडे डोळे लावून बसलं होतं. धाकटा रोज सकाळी विचारायचा, "ताई, कितव्या फांदीवर?" ती सांगायची. तो मान हलवायचा आणि पायांकडे बघायचा. त्याची सूज आता घोट्यांच्या वर आली होती.

मग सुट्ट्या जोडून आल्या. डायलिसिसचं सेंटर बंद होतं, त्याची पाळी एक दिवस पुढे गेली. असं आधीही झालं होतं. त्या दुपारी तो दुकानात गेला, एक अर्धवट मोटर पुरी करतो म्हणाला. शेजारच्या चहावाल्याने हाक मारली तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून बसला होता. तांब्याची तार बोटांत होती आणि रीळ खाली घरंगळत दारापर्यंत गेलं होतं. हृदय थांबलं, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं. अशा पेशंटचं होतं असं, म्हणाले.

माणसं आली, बसली, गेली. त्यातल्या कितीतरी जणांनी ताईला आधी ओळखलंच नाही. ओळख पटल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर उजळायचा, आणि आपण कशाला आलो आहोत हे आठवून पुन्हा पडायचा. एक मावशी तर तिच्या गळ्यात पडून रडली आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "पण तू छान बारीक झालीस हो." त्याच आठवड्यात ऑपरेशनच्या डॉक्टरांकडून फोन आला. तिथली मुलगी उत्साहाने बोलत होती. वजन हवं तेवढं उतरलंय, किडनीच्या पुढच्या तपासण्यांना आता यायला हरकत नाही. ताईने तिला सगळं सांगितलं नाही. बघते, म्हणाली.

ती कामावर जायला लागली. हात कापलेली खुर्ची आता तिला दोन्हीकडून मोठी होत होती. मध्येच एका सुट्टीच्या दिवशी ती डायलिसिस सेंटरमध्ये गेली. धाकट्याची उशी आणि पांघरूण तिथेच राहिलं होतं. मशीनवरच्या माणसाने ते कपाटातून काढून घडी करून दिलं. तो अवघडला होता. त्यालाही काहीतरी बोलायचं होतं आणि कोणाजवळ बोलावं हे त्याला कळत नसावं. शेवटी त्याने सांगितलं, की गेले दोन-तीन महिने धाकट्याच्या रक्तात पोटॅशियम फार चढं येत होतं, हृदय बंद पाडण्याइतकं. मी त्याला रागावलो, डॉक्टरही रागावले.

"केळी खातोस का, म्हणून तोंडावर विचारलं मी," तो म्हणाला. "तर म्हणाला, आमच्या घरी केळ्याला मी हातसुद्धा लावत नाही, आईला विचारा. खोटं बोलणारा नव्हता हो."

"नव्हता," ताई म्हणाली.

ती उशी कवटाळून बसमधून घरी आली. वाटेत तिने काही विचार केला असं म्हणता येणार नाही. तिचा स्टॉप मागे गेला आणि तिला पुढून चालत यावं लागलं.

घरी आईने दूध करून ठेवलं होतं. आता ते कशासाठी, हे दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं. ताईचे गाल बसले होते, नखं पांढरी पडली होती, आणि आईला हातांना काहीतरी काम हवं होतं. ताईने उशी आणि पांघरूण पलंगावर ठेवलं आणि खुर्चीत बसली. आज आई समोर बसली नाही. तिने उशी उचलली आणि नाकाशी धरली.

"एक सांगते," ती उशीतूनच म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याकडून काही कमी पडलं नाही. जीव जात होता तुझा, दिसायचं मला. पण ग्लास रोज रिकामा व्हायचा. मी बघत होते ना."

ताईने चमचा उचलला. आई उशी घेऊन आतल्या खोलीत गेली.

दोन चमचे गेले. तिसऱ्याला घशाशी आलं. ताई ग्लास घेऊन उठली आणि बेसिनपाशी गेली. तो इथेच उभा राहायचा. सुजलेले पाय, कोरडे ओठ, हातात गार दुधाचा भरलेला ग्लास. ओतून द्यायचं, बस्स. एवढं सोपं काम. तिने ग्लास तिरका केला. दूध काठाशी आलं आणि तिचा हात तिथेच थांबला. तिने पुन्हा तिरका केला. मनगट वळेना. पाठीमागे हात बांधून कोणीतरी उभं असल्यासारखं तिला वाटलं, आणि तिने खरोखरच मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. या बेसिनमध्ये कधी काही ओतलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिने कधी ओतलं नव्हतं, आईनेही नाही. त्यानेच तेवढं ओतलं असेल, हे आपण इतके दिवस कसं मानलं? ताईला रडू आलं नाही, त्याचा तिला राग आला. त्याला आपली दया आली असेल की नुसतीच तहान लागली असेल, हे आता कोणाला विचारायचं?

"संपवलंस का गं?" आतून आईचा आवाज आला.

"संपवते."

तिने नळ पूर्ण सोडला, तो सोडायचा तसा, आत ऐकू जाईल एवढा, आणि ग्लास तोंडाला लावला.