काल्याच्या दिवशी चुलीपाशी

पुढे सरकून बसा माउली, मागं पंख्याचा आवाज फार. फैजपूरच्या दोन पोरींची गोष्ट सांगतो. हेव्याची आहे, पण गोड आहे.

कामिनी लहानपणापासून कीर्तनात पहिल्या रांगेत बसणारी. कॉलेजात तिच्या वर्गातल्या प्रज्ञानं निबंध लिहिला: सप्ताहात सगळ्यात मोठं कीर्तन शेवटच्या दिवशी काल्याचं, आणि नेमकं तेच बायकांना ऐकू येत नाही, कारण त्या तेव्हा भंडाऱ्याच्या स्वयंपाकात असतात, म्हणून भंडाराच बंद करा. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. कामिनीला म्हणाले, "तू उत्तर लिही. जिचं लेखन सरस, ती धुळ्याच्या स्पर्धेला."

कामिनीचा जळफळाट झाला. प्रज्ञाचं घर बौद्ध, सप्ताहाला ती येते शेजारधर्मानं. कामिनीच्या मनात आलं, माझ्या मांडवातलं मला न दिसलेलं तिला दिसावं? रागानं तिनं पहिलं वाक्य लिहिलं, 'बाहेरच्यांनी बोलू नये.'

पण कीर्तनकार आधी समोरच्याची शंका पुरती मांडतात, मग उत्तर देतात. तिलाही तसंच करायचं होतं. पुरावा हवा म्हणून तिनं आईला, कुंदाबाईंना, विचारलं, "औंदा काल्याला महाराज काय बोलले?"

"मले काय माहीत? बट्ट्या तळू का कीर्तन ऐकू?"

"आणि मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी वांग्याची भाजी घोटत होते. तू तर पुढेच बसली होती, तूच सांग."

कामिनीनं आपलं ते पहिलं वाक्य खोडलं. वर्गात तिनं प्रज्ञाची बाजू प्रज्ञापेक्षाही चांगली मांडली, आईचं नाव घेऊन. सर म्हणाले, "मग उत्तर कुठंय?"

"उत्तर नाही सर, दुरुस्ती आहे. भंडारा बंद करू नका. कीर्तन आधी, चूल नंतर. लोक तासभर उपाशी राहतील, मरत नाहीत."

वर्ग हसला. सर म्हणाले, "छान. पण मूळ विचार प्रज्ञाचा. धुळ्याला तीच जाईल."

बाहेर पडल्यावर प्रज्ञा म्हणाली, "रागावलीस?"

"जळतेय. अजून."

"जळ. पण तुझी दुरुस्ती दे, माझ्यापेक्षा बरी आहे."

"माझं नाव घेऊन वाचशील?"

"तुझंही घेईन, कुंदामावशीचंही."

कामिनीनं कागद दिला. हेवा तेवढ्यानं गेला नाही हो, पण कागद दिला.

तेव्हा माउली, काल्याला पुढं बसाल तर जरा मागं वळून चुलीकडं पाहा, आणि जिनं ते आधी पाहिलं, त्या प्रज्ञाची आठवण काढा.